कासवाच्या ताटात दडलेला प्रश्न

शहरी घरांतील कासवे उपाशी नाहीत. ती भरल्या पोटी कुपोषित आहेत. चौरस आहार आणि पूरक पोषणद्रव्ये यांची चर्चा करताना कायद्याचा आणि धोरणाचा प्रश्नही टाळता येत नाही.

- विशेष प्रतिनिधी

कासवी आपल्या पिलांना दूध पाजत नाही, चाराही भरवत नाही. ती केवळ कृपादृष्टीने त्यांचे पोषण करते, अशी कल्पना आपल्या संतवाङ्मयात वारंवार येते. भक्त आणि भगवंत यांचे नाते सांगण्यासाठी ती सुंदर आहे. निसर्गातील वास्तव मात्र वेगळे आहे. कासवाची मादी अंडी घालून, त्यावर माती लोटून निघून जाते. अंड्यातून बाहेर पडलेले पिलू पहिल्या दिवसापासून आपले अन्न आपणच शोधते. भोवतालच्या गवतातून, पानाफुलांतून, पाण्यातील किडामुंगीतून त्याला जे हवे ते मिळते आणि वरून सूर्य तळपत असतो. हेच पिलू शहरातील सदनिकेच्या गॅलरीत, प्लास्टिकच्या टबात येऊन पडते तेव्हा ही सारी सृष्टी एका वाटीत आणि एका डबीत सामावली आहे असे आपण गृहीत धरतो. वाटीत काकडीचे काप असतात, डबीत रंगीत गोळ्या. बहुतेक कासवांचे दुखणे तेथूनच सुरू होते.

हे दुखणे चटकन दिसत नाही. कुत्रे दोन दिवस जेवले नाही तर घर अस्वस्थ होते. कासव दोन आठवडे जेवले नाही तरी 'ते तसेच असते' असे म्हणून सोडून दिले जाते. शरीराचा संथ व्यवहार ही कासवाची निसर्गदत्त शक्ती आहे, पण माणसाच्या घरात तीच त्याच्या मुळावर येते. चुकीच्या आहाराचे परिणाम दिसायला महिने, कधी वर्षे लागतात. ते दिसतात तेव्हा पाठीची ढाल मऊ पडलेली असते, किंवा उंचसखल होऊन वाकडी झालेली असते. पुष्कळदा ती पूर्ववत होत नाही.

एक शब्द, तीन प्राणी

गोंधळाचे पहिले कारण आपल्या भाषेतच आहे. समुद्रात राहणारे, गोड्या पाण्यात राहणारे आणि जमिनीवर राहणारे अशा तिन्ही प्राण्यांना मराठीत 'कासव' हा एकच शब्द आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला येणारे ऑलिव्ह रिडले हेही कासव, विहिरीत वा तळ्यात दिसणारे मऊ पाठीचे तेही कासव आणि पाठीवर पिवळ्या चांदण्या मिरवणारे स्टार कासव हेही कासवच. शब्द एक असल्याने खाणेही एकच असावे, असा समज होतो. विक्रेत्याकडून मिळणारी गोळ्यांची डबीही या तिघांत भेद करत नाही.

प्रत्यक्षात भेद मूलभूत आहे. स्टार कासवासारखे जमिनीवरचे कासव मुख्यतः शाकाहारी असते. गवत, रानटी पाला, फुले, गळून पडलेली फळे हा त्याचा आहार. अधूनमधून एखादा कीटक तोंडी लागतो तेवढाच. त्याच्या आतड्यात गुरांप्रमाणे सूक्ष्मजीवांच्या मदतीने तंतुमय चारा आंबवला जातो. त्यामुळे चोथा ही त्याची पहिली गरज आहे. पाण्यातील बहुतेक कासवे मिश्राहारी असतात. लहानपणी त्यांचा कल मासे, गोगलगायी, कीटक यांकडे असतो आणि अनेक प्रजातींमध्ये वय वाढेल तसे वनस्पतींचे प्रमाण वाढत जाते. म्हणूनच स्टार कासवाला मांसाहारी गोळ्या देणे आणि पाण्यातील कासवाला केवळ कोबीच्या पानावर ठेवणे या दोन्ही गोष्टी सारख्याच घातक ठरतात.

ढाल म्हणजे जिवंत हाड

कासवाची पाठ म्हणजे दगडी छप्पर नव्हे. ती बरगड्या आणि मणक्यांशी एकजीव झालेली, रक्तपुरवठा असलेली हाडांची रचना आहे आणि तिच्यावर नखांसारख्या द्रव्याचे आवरण आहे. शरीराच्या मानाने एवढे मोठे हाड उभारायचे तर कॅल्शियम भरपूर लागणार, हे उघड आहे. परंतु केवळ कॅल्शियम पोटात जाऊन भागत नाही. अन्नातील कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दीडपट ते दुप्पट असावे लागते. फॉस्फरस वरचढ झाला तर शरीर रक्तातील समतोल राखण्यासाठी हाडांतूनच कॅल्शियम ओढून घेते. मांसात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो. बिनहाडाच्या मांसाच्या तुकड्यांवर वाढवलेल्या कासवाची ढाल मऊ का पडते, याचे उत्तर या हिशेबात आहे.

दुसरी अट जीवनसत्त्व 'ड ३' ही आहे. त्याच्याविना आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. सुमारे २९० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण त्वचेवर पडले की शरीर ते स्वतः तयार करते. येथे शहरी घराची मोठी गफलत होते. खिडकीच्या काचेतून ऊब येते, उजेड येतो, पण हे किरण जवळपास सारेच काचेत अडतात. काचेच्या पेटीतील कासव 'उन्हात' बसलेले दिसते, परंतु त्याच्या हाडांच्या दृष्टीने ते अंधारातच असते. कोवळे ऊन, शेजारी सावली आणि पाणी एवढी व्यवस्था नसेल तर महागातील महाग आहारही निम्माच उपयोगी पडतो.

चौरस आहार म्हणजे काय?

'सगळे थोडे थोडे द्या' हा चौरस आहाराचा अर्थ नव्हे. जमिनीवरच्या कासवाच्या ताटाचा मोठा भाग गवत आणि चोथायुक्त पाल्याचा असावा लागतो. यासाठी परदेशी सॅलडच्या पानांची गरज नाही. हरळी, शेवग्याचा पाला, तुतीची पाने, जास्वंदीची पाने आणि फुले, काटे काढलेले फड्या निवडुंग हे सारे महाराष्ट्रात सहज मिळते. त्यातही शेवगा आणि निवडुंग कॅल्शियमसाठी विशेष उपयुक्त आहेत. लसूणघास चांगला, पण त्यात प्रथिने अधिक असल्याने तो मोजकाच द्यावा. मात्र रस्त्याकडेचा किंवा औषध फवारलेला पाला टाळायला हवा.

भाजीच्या पिशवीतून कासवाकडे जाणाऱ्या नेहमीच्या वस्तू मात्र तपासून पाहण्यासारख्या आहेत. काकडीत पाणीच अधिक, पोषण नाममात्र. पालकात कॅल्शियम असते खरे, पण त्यातील ऑक्झॅलेट ते बांधून ठेवते. त्यामुळे रोजचा पालक दिसायला पौष्टिक आणि परिणामाला तुटपुंजा ठरतो. कोबी, फ्लॉवर यांच्या नित्य सेवनाने थायरॉइडच्या कार्यात अडथळा येऊ शकतो. केळे, आंबा, सफरचंद यांतील साखर आतड्यातील आंबवण्याची प्रक्रिया बिघडवते. कासव गोड फळावर तुटून पडते, याचा अर्थ ते त्याला मानवते असा होत नाही. मुले चॉकलेटवर तुटून पडतात तसाच तो प्रकार आहे. पोळी, पाव, बिस्किटे, चुरमुरे आणि कुत्र्या-मांजरांचे खाद्य यांना तर ताटात जागाच नाही. अतिरेकी प्रथिनांमुळे मूत्रपिंडावर ताण येतो आणि युरिक आम्ल साचते.

पाण्यातील कासवाच्या बाबतीत वाळवलेल्या जवळ्यावर सारी भिस्त ठेवणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. त्यात जीवनसत्त्व 'अ' पुरेसे नसते. पापण्या सुजून डोळे मिटणे, नाकातून पाणी येणे, श्वसनाचा जंतुसंसर्ग होणे ही त्याच्या कमतरतेची ओळखीची लक्षणे आहेत. डोळे मिटलेले कासव अन्न पाहू शकत नाही म्हणून खात नाही आणि खात नाही म्हणून कमतरता वाढत जाते. चांगल्या प्रतीच्या गोळ्या, काट्यांसकट लहान मासे, गोगलगायी आणि पाणवनस्पती यांची सांगड घातली तर हे दुष्टचक्र टळते.

आहाराकडे पाहताना आणखी एक सावधगिरी हवी. पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे आले की दोष अतिरिक्त प्रथिनांचा, असे पूर्वी ठामपणे सांगितले जाई. २००३ साली आफ्रिकेतील स्पर्ड जातीच्या पिलांवर प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र प्रथिनांपेक्षा कोरड्या हवेचा प्रभाव कितीतरी मोठा आढळला. म्हणजे ताट नेमके असूनही वातानुकूलित खोलीतील रुक्ष हवा पाठ बिघडवू शकते. पोषण ही केवळ ताटातील गोष्ट नाही, हाच त्याचा अर्थ.

पूरक म्हणजे भर, पर्याय नव्हे

येथे पूरक पोषणद्रव्यांचा विषय येतो. कॅल्शियम कार्बोनेटची साधी भुकटी पाल्यावर भुरभुरणे हा सर्वमान्य उपाय आहे. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारे समुद्रफेस, म्हणजे माकूळ जातीच्या प्राण्याचे कवच, हाही कॅल्शियमचाच साठा. त्याचा तुकडा ठेवला की कासव गरजेप्रमाणे कुरतडते आणि त्याची चोचही झिजते. 'ड ३' आणि बहुजीवनसत्त्वांची गोष्ट वेगळी आहे. त्यांतील चरबीत विरघळणारी जीवनसत्त्वे शरीरात साठतात. 'ड ३' अति झाले तर कॅल्शियम हाडांऐवजी मऊ अवयवांत साचते. 'अ' जीवनसत्त्वाच्या अतिरिक्त इंजेक्शनाने त्वचेचे पापुद्रे सुटतात. घरातील माणसांच्या गोळ्या अंदाजाने कुटून घालणे म्हणूनच धोक्याचे आहे. प्रजाती, वजन, वय आणि उन्हाची उपलब्धता पाहून मात्रा ठरवणे हे पशुवैद्यकाचेच काम आहे.

पूरक आहार नेमका कशासाठी असतो, याचे उत्तम उदाहरण दक्षिण अटलांटिकमधील सेंट हेलेना बेटावर सापडते. तेथील गव्हर्नरच्या निवासस्थानाच्या आवारात राहणारे जोनाथन हे महाकाय कासव १८८२ मध्ये बेटावर आणले गेले. तेव्हाच ते पूर्ण वाढलेले असल्याने त्याचा जन्म १८३२च्या सुमाराचा मानला जातो आणि २०२२ मध्ये त्याचा १९०वा वाढदिवस साजरा झाला. उतारवयात मोतीबिंदूमुळे त्याची दृष्टी गेली, वासाची जाणीवही गेली. चरताना चांगले गवत शोधता येईना, चोच बोथट आणि ठिसूळ झाली, वजन उतरले. तेथील पशुवैद्य जो हॉलिन्स यांनी आठवड्यातून एकदा हाताने भाज्या आणि फळे भरवायला सुरुवात केली. काही काळातच चोच पुन्हा धारदार झाली, अंगात बळ आले. मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. जोनाथनचे गवत, ऊन आणि मोकळे मैदान कोणी काढून घेतले नव्हते. आठवड्याच्या त्या घासांनी चरण्यात भर घातली. चरण्याची जागा घेतली नाही. आपल्याकडे नेमके उलटे होते. आधी गवत, ऊन आणि जागा हिरावून घ्यायची आणि मग डबीतून ते परत देण्याचा प्रयत्न करायचा.

कायद्याचे टोक

इथवर वाचून एखादा वाचक विचारील, की स्टार कासव घरात ठेवणे हा गुन्हा असताना त्याला काय भरवावे याची चर्चा वर्तमानपत्राने का करावी? प्रश्न रास्त आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये भारतीय वन्य कासवे पाळता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि विकत घेताही येत नाहीत. १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या २०२२च्या दुरुस्तीने स्टार कासवाला पहिल्या अनुसूचीत स्थान दिले. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर 'सायटीस' करारात हे कासव १९७५ पासून दुसऱ्या परिशिष्टात होते. ऑगस्ट २०१९ मध्ये जिनिव्हा येथील परिषदेत भारत, श्रीलंका, बांगलादेश आणि सेनेगल यांच्या प्रस्तावावरून ते पहिल्या परिशिष्टात गेले आणि त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद झाला.

ही कडक पावले का उचलावी लागली, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातून कळते. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाच्या सीमेवरील एकाच व्यापारकेंद्रातून वर्षाला किमान ५५ हजार स्टार कासवे उचलली जातात, असा अंदाज त्यात मांडला गेला. घरात कासव आले की लक्ष्मी येते, वास्तुदोष जातो, या समजुतीने या मागणीला खतपाणी मिळते. पिशव्यांत कोंबून, दिवसचे दिवस उपाशी-तहानलेली ही पिले शहरात पोहोचतात. वाटेत जी मरतात त्यांची गणती कोणी ठेवत नाही.

कायदा योग्यच आहे. पण त्याच्या अंमलबजावणीची एक न दिसणारी किंमत कासवच मोजते. ज्यांच्या घरात ते आहे, त्यांपैकी अनेकांना तो गुन्हा असल्याचे ठाऊकच नसते आणि ज्या दिवशी ठाऊक होते, त्या दिवसापासून ते पशुवैद्याकडे जाणे बंद करतात. डोळे सुजलेले, ढाल मऊ पडलेले कासव मग ऐकीव माहितीवर जगते, किंवा रात्री गुपचूप जवळच्या तळ्यात सोडले जाते. जमिनीवरचे कासव पाण्यात टाकले तर ते बुडून मरते, एवढेही सोडणाऱ्याला माहीत नसते. शिक्षेच्या भीतीने विक्रीची साखळी तुटली तर ती उपयोगी म्हणायची. तिने फक्त उपचाराचा दरवाजा बंद झाला तर ती कोणाच्या कामाची?

लाल कानाचे 'कायदेशीर' पाहुणे

दुसरी बाजू आणखी गंमतीची आहे. देशी कासव बेकायदा, म्हणून दुकानात रेड-इअर्ड स्लायडर हे अमेरिकी कासव उघडपणे मिळते. डोळ्यामागे लाल पट्टा असलेले, रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार पिलू मुलाच्या वाढदिवसाला घरी येते. ते पुढे ताटलीएवढे होते आणि २०-३० वर्षे जगते, हे विकताना सांगितले जात नाही. टब अपुरा पडू लागला, पाण्याला वास येऊ लागला की 'पुण्य' म्हणून त्याला तलावात सोडले जाते. जगातील शंभर सर्वाधिक घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत या कासवाचे नाव आहे. ऊन खाण्याच्या जागा, अन्न आणि अंडी घालण्याची ठिकाणे यांसाठी ते देशी कासवांशी स्पर्धा करते. आसाम, मिझोराम आणि केरळमधील नैसर्गिक जलाशयांत त्याची नोंद झालेली आहे.

अमेरिकेने साल्मोनेला जंतूंच्या भीतीने चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर १९७५ मध्ये बंदी घातली. युरोपीय संघाने १९९७ मध्ये स्लायडरची आयात थांबवली, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याच्याच पिवळ्या पोटाच्या भाऊबंदांकडे मोर्चा वळवला. एका नावावर फुली मारून बाजार थांबत नाही, हा त्यातील धडा आहे. भारतात जून २०२० मध्ये परदेशी प्राण्यांच्या स्वेच्छा-नोंदणीची मुभा दिली गेली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सायटीसच्या परिशिष्टांतील परदेशी प्राण्यांच्या नोंदणीचे नियम आले. पण नोंदणीच्या अर्जात ऊन, जागा आणि आहार यांची काय सोय आहे, या प्रश्नाला जोवर महत्त्व येत नाही, तोवर ती कागदी मोजणीच राहणार.

पुढे काय?

जप्त वा सोडून दिलेल्या कासवांना थेट जंगलात सोडता येत नाही. कुपोषित प्राण्याची प्रकृती सुधारायला महिने लागतात. त्याच्यातील रोग रानातील निरोगी कासवांत पसरू नयेत यासाठी त्याला वेगळे ठेवावे लागते. शिवाय स्टार कासवाचा नैसर्गिक वावर वायव्य भारत आणि आग्नेय द्वीपकल्पात आहे; मुंबई-पुण्यात सापडले म्हणून ते सह्याद्रीत सोडणे चूक ठरेल. केरळमधील चिन्नार अभयारण्यात या कासवांसाठी पुनर्वसन केंद्र उभे राहिले, ते याच गरजेतून. तेथे पोहोचेपर्यंत मधल्या काळात त्याला काय खायला घालायचे, हा प्रश्न म्हणूनच फुरसतीचा नाही. चौरस आहार आणि पूरके यांचे ज्ञान सर्वाधिक हवे ते प्रत्येक वनपरिक्षेत्र कार्यालयाला आणि प्रत्येक बचाव केंद्राला.

उपाय फार अवघड नाहीत. अजाणता देशी कासव ठेवणाऱ्याने ते स्वतःहून वनविभागाच्या स्वाधीन केल्यास त्याच्याकडे गुन्हेगार म्हणून नव्हे, तर साक्षीदार म्हणून पाहणारी कालबद्ध सवलत देता येईल. खटल्यांचा रोख विक्रेत्यांच्या साखळीवर ठेवता येईल. परदेशी कासव विकणाऱ्याला त्याचे आयुष्य, पूर्ण वाढ आणि आहार लिहून देणे बंधनकारक करता येईल. नको झालेल्या स्लायडरसाठी मोठ्या शहरांत संकलन केंद्रे हवीत, म्हणजे तलाव वाचतील. आणि पशुवैद्यक शिक्षणात गाय, म्हैस, कुत्रा यांच्याबरोबर या मुक्या पाहुण्यालाही चार तास द्यायला हवेत.

वाचकांपुरते सांगायचे तर, घरात देशी कासव असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. स्लायडर असेल तर त्याला उघडे ऊन, स्वच्छ पाणी, वैविध्याचे ताट आणि मोजकी पूरके द्यावीत; त्याला हाताळल्यावर हात धुवावेत आणि ते तलावात कधीही सोडू नये. नवे कासव घ्यायचे मनात असेल तर मात्र एकच सल्ला: घेऊ नये. जे ताट आपण सजवणार आहोत, त्याहून चांगले ताट निसर्गाने त्याच्यासाठी केव्हाच मांडून ठेवले आहे. कासवी नुसत्या दृष्टीने पिलांचे पोषण करते, हे रूपक कदाचित आपल्यासाठीच असावे. कासवाला आपण खरोखर देऊ शकतो ती दृष्टीच. दुरून पाहण्याची आणि त्याला त्याच्या जागी राहू देण्याची.